चिप बंद झाली, सेट चालू राहिले

जबल अलीचं पोस्टिंग मला फौजेनं दिलं नव्हतं. फौजेतून सुभेदार म्हणून बाहेर पडलो तेव्हा माझं वय पंचेचाळीस होतं, दोन्ही मुलं कॉलेजात होती आणि घरी बसून वर्तमानपत्र दोनदा वाचण्यापलीकडे मला काम नव्हतं. नोकरीतली बावीस वर्षं मी वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये काढली होती. पुण्यातल्या एका एजंटनं मला दुबईची जागा सांगितली. जबल अली फ्री झोनमध्ये गॅस डिटेक्टर बनवणारी कंपनी होती आणि तिला टेस्ट अँड रिपेअरसाठी सुपरवायझर हवा होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे रिपोर्ट केलं. मी त्याला आजही पोस्टिंगच म्हणतो. बायको हसते, पण आता तिनंही तो शब्द मान्य केला आहे.

राहायला अल कुसैसमध्ये दोघांत एक खोली होती. सकाळी ०५३० ला कंपनीची बस, ०६४५ ला गेट, सात वाजता बेंचवर. माझ्या हाताखाली अकरा माणसं. पहिल्याच आठवड्यात मी रोज सकाळी त्यांना रांगेत उभं करून हजेरी घ्यायला लागलो. केरळची पोरं आपसांत काहीतरी बोलून हसायची. महिन्याभरात तीच पोरं पाच मिनिटं आधी येऊन उभी राहू लागली.

आमची वस्तू काय होती ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मुठीत मावेल एवढा पिवळा डबा. कारखान्यात, टाकीत, बोगद्यासारख्या बंद जागेत शिरणारा माणूस तो छातीवर क्लिपनं लावतो. आत एक सेन्सर असतो. कार्बन मोनॉक्साईड आला की सेन्सरमधून अगदी बारीकसा करंट निघतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही, माणसाला काही कळण्याआधी त्याचे पाय जातात. तो बारीक करंट मोजून मोठा करणारी एक छोटी चिप बोर्डावर असते. तिनं सांगितलं तर डबा ओरडतो. तिनं नाही सांगितलं तर डबा गप्प राहतो.

दोन वर्षांनी मी हवालदार ज्ञानदेव कदमला बोलावून घेतलं. कदम माझ्याच वर्कशॉपमधला. मी नायब सुभेदार होतो तेव्हा तो नाईक म्हणून आला होता. सोल्डरिंगला त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. बोलायला मात्र महाकंजूष, दिवसाला दहा वाक्यं झाली तरी पुष्कळ. निवृत्त झाल्यावर त्यानं मला पत्र टाकलं, मी नाडकर्णी साहेबांकडे शब्द टाकला, आणि तीन महिन्यांत तो जबल अलीच्या गेटवर हजर झाला. त्याला मी फील्ड सर्व्हिसला घेतलं. गिऱ्हाइकांच्या कारखान्यांत जाऊन यंत्रं तपासायची, प्रोब म्हणजे तिथे कायम बसवलेले सेन्सर बदलायचे. तो मला शेवटपर्यंत साहेबच म्हणाला. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी माझ्या शेजारी बसायचा नाही.

नाडकर्णी म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर. मुंबईचे, गोरेगावचे. हुशार माणूस, पण सगळी अक्कल आजच्या डिस्पॅचमध्ये अडकलेली. आणि चौथी व्यक्ती रेश्मा दामले, डिझाईन इंजिनिअर. तिचा जन्मच दुबईतला, शिक्षण पुण्यात, आणि परत येऊन थेट आमच्या कंपनीत. वय सव्वीस. मराठीत सुरुवात करायची आणि वाक्य संपेपर्यंत इंग्रजीत पोचायची. मला माने काका म्हणायची. फौजेत कोणी मला काका म्हटलं असतं तर मी त्याला ग्राउंडच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या असत्या. हिचं मला आवडायचं.

एका सकाळी रेश्मा हातात फॅक्स घेऊन माझ्या बेंचवर आली.

"काका, ती चिप बंद होतेय."

"कुठली?"

"सेन्सरनंतरची. मेकर म्हणतोय, लास्ट ऑर्डर सहा महिन्यांच्या आत द्या. त्यानंतर फिनिश. खलास."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. फौजेत आमचे सेट तीस-तीस वर्षं चालायचे आणि त्यांचे पार्ट बनवणारे कारखाने कधीच बंद झालेले असायचे. मी तिला तसं सांगितलं. ती स्टूल ओढून बसली आणि तिनं मला एक तक्ता दाखवला. आमच्या बोर्डावर जेवढे पार्ट होते तेवढ्या ओळी. प्रत्येकासमोर तो बाजारात येऊन किती वर्षं झाली, अजून किती वर्षं मिळेल असा अंदाज, दुसरा कोणी तोच पार्ट बनवतो का, आणि नाही मिळाला तर काय करायचं. हा तक्ता तिनं फॅक्स यायच्या वर्षभर आधी बनवून मॅनेजमेंटला दिला होता. त्या चिपच्या ओळीवर तिनं तेव्हाच लाल रेघ मारली होती.

"बघा ना, आपण हा डिटेक्टर दहा वर्षं विकणार. कस्टमर तो अजून पाच वर्षं वापरणार. आणि चिपचं लाईफ चार-पाच वर्षं, कारण आता सगळे मेकर मोबाईल फोनसाठी चिप बनवतात. आपल्यासारख्या छोट्या कंपनीसाठी कोण लाईन चालू ठेवणार? डिझाईन करतानाच हे धरायला हवं होतं. वन सोर्स, नो प्लॅन बी."

तिचं म्हणणं साधं होतं. लास्ट ऑर्डर भरपूर मोठी द्यायची. तेवढ्या वेळात नवा बोर्ड बनवायचा, ज्याच्यावर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप बसतील. मग एक बंद पडली तरी दुसरी असेल. नव्या बोर्डाची पुन्हा उष्णतेत, दमटपणात, गॅसवर पूर्ण टेस्ट घ्यायची. सर्टिफिकेट मिळून सगळं व्हायला आठ-नऊ महिने.

ऑर्डर दिली गेली, पण तिनं मागितली त्याच्या चौथ्या हिश्श्यानं. नव्या बोर्डाचं पुढे बघू असं ठरलं. दीड वर्षात स्टोअरमधलं चिपचं शेवटचं रीळ संपत आलं. तेव्हा मीटिंग झाली. मी, नाडकर्णी, रेश्मा आणि सेल्सचे दोघे.

नाडकर्णी म्हणाले, "रेश्मा, नऊ महिने मी कस्टमरला काय सांगू? इन्शाल्ला?"

"सर, मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

"ते सोड. आज काय? रास अल खैमाच्या सिमेंटवाल्यांची ऑर्डर उभी आहे." मग ते माझ्याकडे वळले. "माने, तुमच्या आर्मीत पार्ट मिळाला नाही तर काय करायचे?"

मी सांगितलं. कॅनिबलायझेशन. एक मेलेला सेट उघडायचा, त्यातला चांगला पार्ट काढायचा आणि दुसऱ्या सेटला लावायचा. आमच्याकडे स्टोअरमध्ये वॉरंटीत परत आलेले जुने बोर्ड पोत्यानं पडले होते. कुणाची स्क्रीन फुटलेली, कुणाचा सेन्सर संपलेला. चिप सगळ्यांवर शाबूत होती.

"करू शकाल?"

फौजेत वरिष्ठानं हा प्रश्न विचारला की त्याला एकच उत्तर असतं. ते माझ्या तोंडातून विचार करायच्या आत बाहेर पडलं.

"हो जाएगा, सर."

सेल्सच्या एकानं टेबलावर थाप मारली. नाडकर्णी म्हणाले, "बघा, याला म्हणतात फौजी." मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो आणि मला वरचा वारा आवडत होता. रेश्मानं आपला तक्ता घडी घालून फाईलमध्ये ठेवला. नव्या बोर्डाचा विषय त्या मीटिंगमध्ये पुन्हा निघाला नाही. तो मी मारला. तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं, मी कंपनीची अडचण सोडवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सिव्हिलियन वाचकाला ती माहीत नसते आणि मला माहीत असूनही मी ती विसरलो. फौजेत कॅनिबलायझेशनला लेखी परवानगी लागते. ज्या सेटमध्ये काढलेला पार्ट बसवला त्याला लाल टॅग लागतो. लाल टॅगचा सेट ट्रेनिंगला चालतो, मागच्या लाईनला चालतो, पुढच्या पोस्टवर जात नाही. आणि त्याच दिवशी नव्या पार्टची मागणी वर जाते. म्हणजे ती वेळ मारून नेण्याची सोय आहे, आणि ती तेवढीच आहे हे सगळ्यांना माहीत असतं. जबल अलीत मी पार्ट काढायची पद्धत नेली आणि टॅग मागे ठेवला. गिऱ्हाइकाला डब्यावर लाल टॅग कसा दाखवणार?

एक सवय मात्र सुटली नाही. मी रजिस्टर ठेवलं. कुठल्या नंबरच्या बोर्डावरून चिप काढली, कुठल्या नंबरच्या सेटला लावली, कोणी काढली, कधी. गरम हवेची पिचकारी मारून चिप सोडवायचं काम मी आणि कदम करायचो. कदम फील्डवरून परत आला की संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या शेजारी बसून काढायचा. एकूण चौसष्ट सेट असे बाहेर गेले.

रेश्मा एकदा येऊन उभी राहिली.

"काका, काढलेल्या चिप हॉट चेंबरमध्ये टाकल्या का? जुन्या प्लास्टिक पॅकेजमध्ये मॉइश्चर असतं. गरम हवा मारली की आतून क्रॅक जाऊ शकतो. बेंचवर कळणार नाही."

"आठ टाकल्या," मी म्हणालो.

"आणि?"

"ठीक आहेत."

तिनं टेस्टच्या कागदावर सही केली. आठ टाकल्या हे खरं होतं. सात ठीक होत्या हे खरं होतं. आठवी पन्नास अंशांवर गेल्यावर गॅस देऊनही आकडा दाखवेना. मी ती काढून डब्यात टाकली, रजिस्टरमध्ये 'रिजेक्ट' लिहिलं आणि रेश्माला सांगितलं नाही. एखादी चिप खराब निघायचीच, असं मी मनाशी म्हटलं. सगळ्या चौसष्ट चेंबरमध्ये टाकायच्या तर तीन आठवडे गेले असते, आणि मी नाडकर्णींना दहा दिवस सांगितले होते. मी आयुष्यात खोटं फार कमी बोललो आहे. हे त्यातलं सर्वांत लहान होतं.

पुढचा उन्हाळा. दोन हजार साल उलटून गेलं होतं. रास अल खैमाच्या त्या सिमेंट कारखान्यात कोळसा दळायच्या मिलचं शटडाऊन होतं. मिलच्या धुळीची हवा गाळणारी एक मोठी लोखंडी पेटी असते, दुमजली घराएवढी. तिच्या आत आमचा एक प्रोब बसवलेला होता, तो बदलायचा होता. मी स्वतः गेलो, कारण मोठं गिऱ्हाईक होतं. कदम, मी आणि ड्रायव्हर. ०४०० ला निघालो, ०६३० ला गेटवर.

०६५० ला साईट ऑफिसच्या कंटेनरमध्ये कदमनं आपला सेट काढला. बारक्या सिलिंडरमधला टेस्टचा गॅस सोडला. आकडा बरोबर आला, डबा ओरडला. मी शेजारी उभा होतो. कंटेनरमध्ये एसी जोरात चालू होता. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरनं ०७१५ ला पेटीच्या आतली हवा आपल्या यंत्रानं तपासली. हवा स्वच्छ होती. आत शिरायच्या परमिटवर सही झाली. पण कामाला लागणारी शिडी यायला उशीर झाला आणि कदम आत शिरला तेव्हा ११४० झाले होते. बाहेर ऊन सत्तेचाळीस अंश असेल. पेटीच्या आत त्याहून जास्त.

मी मॅनहोलजवळ वॉकीटॉकी घेऊन बसलो. रेडिओवर आम्ही सवयीनं फौजी हिंदीच बोलायचो.

"साहेब, कदम. पोझिशन पे पहुँच गया. ओव्हर."

"रीडिंग बताओ."

"झीरो."

११५२ ला पुन्हा विचारलं. झीरो. त्यानं जुना प्रोब सोडवला. त्यासाठी त्याला एक पट्टी ठोकावी लागली. आम्हाला नंतर समजलं की त्या ठोकण्यानं वरच्या कडेवर साचलेली कोळशाची भुकटी खाली सरकली. ती आतल्या आत धुमसत होती, आणि सरकताच तिच्यातला वायू मोकळा झाला. सकाळच्या तपासणीत ते कळणं शक्य नव्हतं. ते सांगायचं काम कदमच्या छातीवरच्या डब्याचं होतं.

१२०१.

"साहेब, सिर भारी लग रहा है."

"रीडिंग?"

"झीरो. गर्मी है, और कुछ नहीं. दो बोल्ट बाकी."

"बोल्ट छोडो. बाहर आओ."

"दो मिनट, साहेब."

"कदम, ऑर्डर है. बाहर."

"रॉजर."

त्यानंतर शिडीवर बुटाचा एक आवाज आला. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मी तीनदा कॉल दिला. उत्तर नव्हतं.

कारखान्याचे दोन हेल्पर मॅनहोलकडे धावले. मी त्यांना आडवा झालो. बंद जागेत एक पडला की दुसरा त्याला काढायला जातो आणि दोघे मरतात, हे मी स्वतः शिकवलेलं होतं. श्वासाचा सिलिंडर पाठीला लावल्याशिवाय कोणी आत जाणार नाही, असं मी ओरडलो. एक हेल्पर माझ्या छातीवर बुक्क्या मारत होता. "आदमी मर रहा है, जाने दो!" मी त्याला सोडलं नाही. सिलिंडर फायर स्टेशनवरून यायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होतो. माझं सगळं अंग आत जायला ओढत होतं आणि मी दारात उभा होतो. ती अकरा मिनिटं मला अजून मोजता येतात.

१२२६ ला कदमला बाहेर काढलं. चेहरा लालसर होता. डॉक्टरनं चाळीस मिनिटं प्रयत्न केले. त्याच्या छातीवरचा डबा चालू होता. स्क्रीनवर शून्य होतं.

मी तो सेट कंटेनरमध्ये नेला. एसीत दहा मिनिटं ठेवला, टेस्टचा गॅस दिला. आकडा बरोबर आला आणि डबा ओरडला. मग तो बाहेर आणून पिकअपच्या बॉनेटवर उन्हात ठेवला. पुन्हा गॅस दिला. आकडा उतरत गेला आणि शून्यावर थांबला. मी खिशातून डायरी काढून सेटचा नंबर लिहिला. तो नंबर मला रजिस्टरमध्ये बघायची गरज नव्हती. ती चिप मी काढली होती.

पोलीस आले, पंचनामा झाला, सेट सील झाला. संध्याकाळी सहाला मी जबल अलीत नाडकर्णींच्या केबिनमध्ये होतो. रेश्मा आधीच तिथे होती, रडून डोळे सुजलेले. नाडकर्णींनी प्राथमिक रिपोर्टचा मसुदा माझ्यासमोर ठेवला. त्यात एक वाक्य होतं की ऑपरेटरनं प्रवेशापूर्वी सेट तपासलेला नसावा.

"तपासला होता," मी म्हणालो. "माझ्यासमोर. ०६५०."

"लेखी नोंद आहे?"

"माझ्या डायरीत आहे. आणि सर, दुसरं. असे त्रेसष्ट सेट अजून बाहेर आहेत. रजिस्टरमध्ये सगळ्यांचे नंबर आहेत. आज परत बोलवायला हवेत."

नाडकर्णींचा चेहरा पडला. "माने, पोलीस केस आहे ही. आत्ता सगळ्यांना फोन करायचा म्हणजे आपण लिहूनच दिलं की चूक आपली. हेड ऑफिसला विचारू द्या. चार दिवस. प्लीज."

"उद्या अकराला ऊन तेवढंच असणार, सर."

"तुम्हाला कळतंय का? रजिस्टरवर सही तुमची आहे. माझं काय, मी मॅनेजर. आत तुम्ही जाल."

"हो."

मग मी रेश्माकडे वळलो आणि आठव्या चिपचं सांगितलं. सगळं. तिनं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"यू टोल्ड मी ठीक आहेत," ती म्हणाली. "मी त्यावर सही केली, काका."

नाडकर्णी वाईट माणूस नव्हता. पाच मिनिटं तो डोकं धरून बसला. मग त्यानं ड्रॉवरमधून पिकअपची चावी काढून माझ्यापुढे सरकवली आणि मसुद्यातलं ते वाक्य पेननं खोडलं. हेड ऑफिसच्या प्रतीत ते वाक्य पुढे पुन्हा आलं. कसं आलं ते मला माहीत नाही. तेव्हा मात्र त्यानं ते खोडलं होतं, हे मी पाहिलं.

त्याच संध्याकाळी रेश्मानं रजिस्टरवरून गिऱ्हाइकांची यादी काढली आणि एकामागून एक फोन लावले. "डू नॉट यूज. काढून बाजूला ठेवा. आमचा माणूस येतोय." दुसऱ्या दिवसापासून मी आणि ड्रायव्हर सेट गोळा करत फिरलो. शारजा, अजमान, फुजैरा, अबुधाबीचे वर्कशॉप. ठिकठिकाणी सेफ्टीवाले माझ्यावर चिडायचे. काम चालू आहे, बदली सेट कुठे आहे, असं विचारायचे. एका ठिकाणी फोरमननं कामावरच्या माणसाच्या छातीवरून सेट काढून माझ्या हातात दिला, तो अजून गरम होता. मी तो त्याच्यासमोर टेस्ट केला. शून्य आलं. तो माणूस पंजाबी होता. त्यानं एकदा सेटकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पाणी प्यायला गेला.

नऊ दिवसांत बासष्ट सेट परत आले. रेश्मानं सगळे चेंबरमध्ये टाकले. एकोणीस फेल. त्रेसष्टावा सेट एका ठेकेदारानं दुसऱ्याला दिला होता, दुसरा काम संपवून देश सोडून गेला होता. तो सेट सापडला नाही. आम्ही वर्तमानपत्रात नंबर छापला, फॅक्स पाठवले. काही झालं नाही. आता एवढ्या वर्षांनी त्याची बॅटरीसुद्धा मेली असेल, असं मी स्वतःला सांगतो. उन्हाळा लागला की तरीही तो नंबर मला आठवतो.

मी पोलिसांना जबाब दिला आणि रजिस्टर त्यांच्या हवाली केलं. आठ महिने माझा पासपोर्ट जमा होता. त्या काळात मी रेश्माच्या नव्या बोर्डाच्या टेस्टिंगला बसायचो, पगाराशिवाय. तिनं मला नको म्हटलं नाही आणि काकाही म्हटलं नाही. नवा बोर्ड नऊ महिन्यांत तयार झाला, तिनं पहिल्यांदा सांगितले होते तेवढ्यात. त्याच्यावर दोन कंपन्यांच्या चिप बसत होत्या. प्रत्येक डिझाईनच्या पहिल्या मीटिंगला तिचा तक्ता आधी उघडायचा असा नियम झाला. कुठला पार्ट कधी बंद पडेल, मग काय करायचं, आणि ते करायला किती महिने लागतील. त्या मीटिंगमध्ये 'हो जाएगा' म्हणायला बंदी होती, असं मला तिथल्या एका पोरानं नंतर पत्रात लिहिलं.

पासपोर्ट मिळाल्यावर मी भारतात परत आलो आणि सातव्या दिवशी कदमच्या गावी गेलो, सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या पुढे. घरात त्याची बायको सुनंदा आणि म्हातारे वडील होते. वडीलही फौजेतले, शिपाई म्हणून निवृत्त. ते बाजेवर बसले होते. गावात हेड ऑफिसचं पत्र वाचलं गेलं होतं. ज्ञानदेवानं आळस केला, मशीन तपासलं नाही, असं पारावर बोललं जात होतं. तिथली माणसं वाईट नाहीत. पत्रात तसं होतं.

मी उभ्यानंच सांगितलं. सेट कसा होता, चिप कोणी काढली, आठवी चिप काय झाली, मी काय बोललो आणि काय बोललो नाही. वडिलांनी फक्त एक विचारलं.

"त्यानं टेस्ट केली होती?"

"हो. माझ्यासमोर."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. सुनंदाबाई चुलीजवळ होत्या. त्या पदरानं हात पुसत बाहेर आल्या.

"फोन आला की मी दर वेळी म्हणायची, जपा. तर म्हणायचे, मला काय होतंय, माझा सेट साहेबांच्या हातचा आहे. तिथल्या नियमात दोन डबे न्यायचे असतात म्हणे. हे एकच न्यायचे. मी विचारलं का, तर म्हणाले, दुसरा नेला तर साहेबांच्या हातावर भरवसा नाही असं होईल."

हे मला माहीत नव्हतं. दोन सेट न्यायचा नियम होता, आणि कदमच्या छातीवर एकच होता, हे मी त्या दिवशी मॅनहोलच्या तोंडाशी बसून पाहिलं होतं. मी त्याला हटकलं नाही. मलाही माझ्या हातावर भरवसा होता. सुनंदाबाई माठाकडे वळल्या. रागावल्या नाहीत. मला पाणी दिलं. मला ते पिता आलं नाही आणि ठेवताही आलं नाही.

हे मी छापायला देतो आहे ते एवढ्यासाठी, की हेड ऑफिसचं ते पत्र अजून कुठल्यातरी फायलीत आहे आणि माझं म्हणणं तिथे नसेल.

हवालदार ज्ञानदेव कदम. वय त्रेचाळीस. फौजेत वीस वर्षं, जबल अलीत चार. त्यांनी ०६५० ला आपला सेट तपासला होता. १२०१ ला डोकं जड झाल्याचं कळवलं होतं. बाहेर येण्याचा हुकूम मिळताच ते शिडीकडे वळले होते. त्यांची चूक नव्हती.